सूचिचिकित्सा आणि पक्षाघात : प्राणिप्रयोगांची कसोटी

मेंदूचा रक्तपुरवठा खंडित होऊन होणाऱ्या पक्षाघातावर ॲक्युपंक्चर ही चिनी सूचिचिकित्सा गुणकारी आहे काय, हे पाहण्यासाठी उंदरांच्या मेंदूतील धमनी बंद करून त्यांना सुया टोचल्या जातात. अशा प्रयोगाचे मोल त्याच्या पद्धतीवर ठरते. उपचार करावयाचे उंदीर चिठ्ठ्या टाकून निवडावेत. सुई टोचणाऱ्यापासून उपचार लपत नाही; म्हणून मोजमाप करणारा तरी त्याबाबत अनभिज्ञ असावा. पक्षाघातावरील एनएक्सवाय-०५९ हे औषध प्राण्यांत प्रभावी भासले. परंतु २००६ मध्ये मोठ्या मानवी चाचणीत निष्फळ ठरले. अशी दक्षता घेतलेल्या प्राणिप्रयोगांत त्याचा गुण कमीच दिसला होता, असे २००८ च्या फेरतपासणीत आढळले. सूचिचिकित्सेलाही हीच कसोटी लावावयास हवी. कारण सदोष प्रयोगाची किंमत अखेर रुग्णालाच मोजावी लागते.