स्मृतिभ्रंश : रुग्णाबरोबर येणाऱ्यांचीही विचारपूस करा

इंदूरमधील माझ्या दवाखान्यात पंचावन्न वर्षांच्या एक बाई आपल्या ब्याऐंशी वर्षांच्या आईला दरमहा घेऊन येत असत. आईंना अल्झायमर्स प्रकारचा स्मृतिभ्रंश होता. मी झोप, भूक विचारी, रक्तदाब पाही आणि डोनेपेझिलची गोळी पुढे चालू ठेवी. दीड वर्ष हा क्रम चालला. एके दिवशी आईंच्या दंडावर काळानिळा डाग दिसला. मी विचारण्यापूर्वीच मुलगी म्हणाली, "डॉक्टर, काल मी आईला मारलं," आणि रडू लागली.

आई रात्रीतून पाच-सहा वेळा उठत. "घरी जायचंय, अण्णा वाट बघत असतील," असे म्हणत दार उघडू पाहत. मुलगी कित्येक महिने सलग तीन तासही झोपली नव्हती. आईंना गंभीर इजा नाही याची खात्री केल्यावर मी मुलीचा रक्तदाब पाहिला. तो १८०/११० निघाला. दीड वर्षात तो मी एकदाही पाहिला नव्हता. ही चूक माझी होती. इतरांकडून ती होऊ नये, म्हणून हा लेखनप्रपंच.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय पाहणीच्या अनुमानानुसार भारतात साठीपुढील सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळजवळ ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश आहे. त्यांची शुश्रूषा बहुतांशी घरीच होते आणि बहुधा एकाच लेकीच्या, सुनेच्या वा मुलाच्या वाट्याला येते.

डॉक्टरांसाठी : शुश्रूषेचा भार मोजण्यासाठी झारिट यांची २२ प्रश्नांची प्रश्नावली आहे. गर्दीच्या वेळी निदान तीन प्रश्न तरी विचारावेत. तुम्हाला सलग किती तास झोप मिळते? तुमच्याऐवजी जवळ बसणारे कोणी आहे का? राग अनावर होतो का? तिसरा प्रश्न एकांतात, दोषारोप न करता विचारावा. रुग्णाची स्थिती दोन-चार दिवसांत एकाएकी बिघडली, तर तो मूळ रोगच वाढला असे गृहीत धरू नये. मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ, पाणी कमी पडणे, डोक्याला मार किंवा एखादे नवे औषध यांपैकी कारण शोधावे. मनोविकारावरील औषधे घाईने देऊ नयेत. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांत त्यांमुळे मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकांनी २००५ सालीच दिला आहे.

मुलांसाठी : वाद घालू नका. "अण्णा जाऊन तीस वर्षं झाली," असे सांगितले की आईला दर वेळी तो आघात नव्याने सोसावा लागतो. त्याऐवजी "अण्णा कसे होते गं?" असे विचारा, अंगणात एक फेरी मारून घरात परत आणा. दिवेलागणीपूर्वीच खोलीत भरपूर उजेड करा. स्वयंपाक आटोपताच गॅसची टाकी बंद ठेवा. आईच्या जवळ नाव व फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी असू द्या. पैसे पाठवणाऱ्या भावंडांकडे पैशांबरोबर वेळही मागा, आणि कोणी कोणते दिवस यायचे ते लिहून ठरवा. मन फारच थकले, तर 'टेलिमानस'च्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते.

व्यवहाराविषयी : सही करून घेतलेले मुखत्यारपत्र पुढे कायम उपयोगी पडेल, हा समज चुकीचा आहे. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे, ते देणाऱ्याची समज गेली की मुखत्यारीही संपते. म्हणून रोगनिदान होताच, समज शाबूत असतानाच, बँकेचे संयुक्त खाते, नामनिर्देशन व मृत्युपत्र ही कामे त्यांच्या इच्छेनुसार उरकावीत.

त्या बाईंच्या भावाला मी बोलावून घेतले. आठवड्यातील चार रात्रींसाठी मदतनीस बाई ठरली आणि मुलीवर रक्तदाबाचे उपचार सुरू झाले. आई पुढे दोन वर्षे घरीच राहिल्या आणि घरीच गेल्या. त्या काळात पुन्हा हात उगारला गेला नाही, असे मुलीने मला सांगितले. आता अशा रुग्णाबरोबर जे येतात, त्यांचाही वेगळा केसपेपर मी काढतो.