भट्टीवांचून चॉकलेट

इंग्रजी पाकशास्त्राच्या पुस्तकांत भट्टीशिवाय होणाऱ्या पदार्थांचें एक स्वतंत्र प्रकरण पुष्कळदां असतें. तें पाहून आपल्याकडील गृहिणीस थोडें हसूंच येईल. मराठी स्वयंपाकघरांत चूल होती, शेगडी होती, आतां गॅस आहे. परंतु ज्या भट्टींत पाव आणि केक भाजतात ती बहुधा पाववाल्याकडेच असे. तिळगूळ, चिक्की, दाण्याचा लाडू, गोव्याकडील दोदोल, ह्यांपैकीं एकालाही भट्टी लागत नाहीं. आणि तांदळाचें पीठ, गूळ व नारळाचा रस यांच्या दोदोलांत दुधाचा थेंबही नसतो. तेव्हां दूध, तूप व लोणी न घालतां आणि भट्टीवांचून चॉकलेट व दाणे यांची मिठाई करण्याची जी कृति आम्ही येथें सांगणार आहों, तिचें नांव नवें असलें तरी रीत आपल्या घरांतली जुनीच आहे.

हा विषय घेण्याचें कारण वर्गांतलेंच आहे. संमेलनाच्या दिवशीं पेढ्यांचें ताट रांगेंतून फिरूं लागलें म्हणजे एखाददुसरें मूल तें तसेंच पुढें सरकवितें आणि ‘नको, भूक नाहीं’ असें म्हणतें. भूक नाहीं असें नसतें. दूध सोसत नाहीं असें असतें, आणि तें चारचौघांत सांगण्याचा संकोच असतो.

दूध न सोसण्याचे दोन मुख्य प्रकार आहेत, व त्यांतला भेद पालकांनीं नीट ध्यानांत घ्यावा. कित्येकांच्या आंतड्यांत दुधांतील साखर, जिला लॅक्टोज म्हणतात, ती पचविणारा पाचक पदार्थ पुरेसा होत नाहीं. त्यांचें पोट फुगतें, कळ येते, जुलाब होतात. पण थोडेंसें दूध किंवा दही त्यांतल्या बऱ्याच जणांना चालतें. दुसरा प्रकार निराळा. त्यांत दुधांतील प्रथिनांनाच शरीर शत्रु मानतें. अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, क्वचित् श्वास कोंडून जीव धोक्यांत येतो. अशा मुलाच्या बाबतींत पेढ्यांत घातलेला चमचा न धुतां दुसऱ्या मिठाईंत घालणें हा हलगर्जीपणा नव्हे, अपराध आहे.

ह्यांशिवाय कांहीं कुटुंबें प्राण्यांविषयींच्या दयेमुळें दूध वर्ज्य करितात. प्राणिजन्य असें कांहींच न घेणाऱ्या लोकांना ‘व्हीगन’ हें नांव इंग्लंडांत १९४४ सालीं डॉनल्ड वॉट्सन व त्यांचे सहकारी यांनीं दिलें. हे लोक मधही घेत नाहींत; म्हणून आमच्या कृतींत मध नाहीं. विकतच्या चॉकलेटच्या वेष्टनावर हिरवा ठिपका असला म्हणजे त्यांत दूध नाहीं, अशी पुष्कळांची समजूत आढळते. ती चुकीची आहे. हिरवा ठिपका पदार्थ शाकाहारी असल्याचें सांगतो, आणि दूध आपल्या नियमांप्रमाणें शाकाहारांतच मोडतें. व्हीगन पदार्थांसाठीं भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाचे स्वतंत्र नियम २०२२ सालीं झाले व त्यांचें चिन्हही स्वतंत्र आहे. काळ्या दिसणाऱ्या चॉकलेटांतही दुधाचा स्निग्धांश कधीं कधीं असतो. यास्तव बारीक अक्षरांतली घटकांची यादी शेवटपर्यंत वाचावी.

वास्तविक चॉकलेटांत दूध आलें तें फार उशिरा. मध्य अमेरिकेंतील माया व मेक्सिकोंतील अ‍ॅझ्टेक लोक कोकोचीं बीजें भाजून, वाटून, पाण्यांत घुसळून त्यांचें कडवट पेय करीत. गाई त्यांच्या देशांत नव्हत्याच. १८२८ सालीं हॉलंडांत व्हॅन हौटेन यांनीं भाजलेल्या कोकोंतून स्निग्धांश दाबून काढण्याच्या यंत्राचें पेटंट घेतलें. १८४७ सालीं ब्रिस्टल येथील फ्राय यांच्या कारखान्यांत कोकोपूड, साखर व तोच स्निग्धांश एकत्र करून खावयाची वडी झाली. दुधाची वडी स्वित्झर्लंडांत डॅनियल पीटर यांनीं केली ती १८७५ च्या सुमारास. म्हणजे दुधावांचून चॉकलेट हें कांहीं उणें चॉकलेट नव्हे, मूळचें तेंच.

ह्या स्निग्धांशाला इंग्रजींत कोकोबटर, म्हणजे कोकोचें लोणी, म्हणतात. नांवांत लोणी आहे म्हणून दचकूं नये. त्याचा गाईशीं कांहीं संबंध नाहीं. कोकोच्या बीजांत सुमारें निम्मा भाग हाच असतो. तो सुमारें ३४ अंश सेल्सियसला वितळतो, आणि आपल्या शरीराचें उष्णमान ३७ अंश आहे. खोलींत टणक असलेली वडी जिभेवर ठेवतांच विरघळते, तिचें रहस्य एवढेंच.

आतां मुख्य गोष्ट. वितळलेलें चॉकलेट म्हणजे पातळ स्निग्ध पदार्थांत तरंगणारे साखरेचे व कोकोचे अतिसूक्ष्म कोरडे कण. विद्यार्थ्यांनीं एक प्रयोग अवश्य करून पाहावा. दोन चमचे वितळलेल्या चॉकलेटांत पाण्याचे चार थेंब टाकून ढवळावें. पातळ व्हावयाचें तें उलट घट्ट होऊन त्याचा रवाळ गोळा होतो. तें थोडेंसें पाणी साखरेच्या कणांना ओलें करितें, ते एकमेकांना चिकटतात, आणि स्निग्धांश बाजूला राहतो. ह्याच गोळ्यांत आणखी एकेक चमचा कढत पाणी घालीत गेलें कीं कण पुन्हां सुटे होतात व गुळगुळीत रस तयार होतो. थोडें पाणी बाधतें आणि पुष्कळ पाणी सोसतें, हें चमत्कारिक खरें. पण एकदां डोळ्यांनीं पाहिलें म्हणजे पुढील सर्व कृति पाठ करावी लागत नाहीं, आपोआप सुचते.

पहिली कृति खजुराच्या लाडवांची. बिया काढलेला मऊ खजूर २०० ग्रॅम, भाजून सोललेले शेंगदाणे १५० ग्रॅम, कोकोपूड तीन मोठे चमचे आणि चिमूटभर मीठ. दाणे प्रथम जाडसर कुटावे. ते फार वेळ कुटले किंवा मिक्सरांत फिरविले तर त्यांना तेल सुटून लगदा होतो. नंतर खजूर वेगळा कुटून त्यांत कोकोपूड, मीठ व दाण्यांचें कूट मळावें. येथें ओल ही वैरी नसून मैत्रीण आहे. खजुराच्या चिकट ओलाव्यानेंच कोरडी पूड बांधली जाते. खजूर कोरडा असल्यास कोमट पाण्याचा हात लावावा, अधिक नको. सुपारीएवढे वीस-पंचवीस लाडू होतात. ते भाजलेल्या तिळांत किंवा सुक्या खोबऱ्याच्या किसांत घोळवावे. मीठ वगळूं नये. कोकोचा कडूपणा त्यानें सौम्य होतो. खजुराऐवजीं चिरलेला मऊ गूळ घेतला तरी चालतें, आणि तो लाडू आमच्या मतें अधिक खमंग लागतो; मात्र मुलें खजुराच्याच बाजूनें मत देतात.

दुसरी कृति खोबरेल तेलाच्या वड्यांची. खाण्याचें खोबरेल १०० ग्रॅम, कोकोपूड ६० ग्रॅम, पिठीसाखर ७० ग्रॅम, भाजलेले दाणे, काजू अथवा बदाम यांचे तुकडे १०० ग्रॅम. केसांना लावावयाचें सुगंधी तेल येथें अर्थातच चालणार नाहीं. तेल नुसतें कोमट करून पातळ करावें, त्यांत चाळलेली कोकोपूड व साखर घालून गुठळी मोडेपर्यंत ढवळावें, दाणे मिसळून कागद घातलेल्या ताटांत ओतावें व फ्रिजमध्यें ठेवावें. साखर तेलांत विरघळत नाहीं. म्हणून ती मैद्यासारखी बारीक दळून, वस्त्रगाळ करून घ्यावी. नाहीं तर वडी दांताखालीं कचकच करिते. ह्या कृतींत गूळ घालूं नये. त्यांतल्या ओलाव्यानें वर सांगितलेला रवाळ गोळा होतो.

खोबरेल सुमारें २४ अंशांना वितळतें, हें देशावरच्या मुलांना पुस्तकांतून शिकवावें लागत नाहीं. थंडीच्या दिवसांत सकाळीं तेलाची बाटली थिजलेली त्यांनीं पाहिलेलीच असते. पुणें-नाशिककडे पौषांतल्या रात्रीं ही वडी खिडकीशीं ठेवली तरी थिजते. मुंबईत किंवा कोंकणांत ती फ्रिजबाहेर काढली कीं थोड्याच वेळांत हात काळे करिते. संमेलनांत बाहेर मांडावयाची असेल तर हिच्या वाटेस न जातां लाडूच करावे.

तिसरी रीत विकतच्या, दूध नसलेल्या काळ्या चॉकलेटांत दाणे बुडविण्याची. पातेल्यांत थोडें पाणी कढत करून गॅस बंद करावा व वर कोरडें वाडगें ठेवावें. वाडग्याचा तळ पाण्याला लागूं नये व वाफ आंत शिरूं नये. हें काम मोठ्या माणसानेंच करावें. चॉकलेटचे दोन भाग वाडग्यांत वितळवून ४५ अंशांपर्यंत आणावे, खालीं उतरून राखून ठेवलेला तिसरा भाग बारीक चिरून त्यांत घालावा व ३१-३२ अंशांपर्यंत निवेतों ढवळावें. कोकोबटर सहा निरनिराळ्या रूपांत गोठूं शकतें, आणि वडीला चकाकी व कडकपणा आणणारें रूप त्यांतलें एकच. न वितळविलेल्या तुकड्यांतून त्याचेंच बीज पडतें. हा खटाटोप न केल्यास वडीवर दोन दिवसांनीं पांढुरकी झांक येते. ती बहुधा स्निग्धांशाची असते, बुरशी नव्हे; ती वडी खाण्यास हरकत नाहीं.

बुरशीची खरी भीति दाण्यांत आहे. १९६० सालीं इंग्लंडांत एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले. कारण शोधतां त्यांच्या खाद्यांतील भुईमुगाच्या पेंडींत बुरशीनें उत्पन्न केलेलें विष सांपडलें. त्यास अ‍ॅफ्लाटॉक्सिन म्हणतात. तें यकृताला अपाय करितें, आणि घरच्या भाजण्यानें पूर्ण नष्ट होत नाहीं. म्हणून सुरकुतलेले, काळवंडलेले, हिरवट छटेचे किंवा कडू दाणे निवडून फेंकून द्यावे. ‘भाजल्यावर चालतील’ म्हणूं नये. चांगले दाणे मंद आंचेवर, सतत हलवीत, साल सहज सुटेपर्यंत भाजावे व पूर्ण थंड झाल्यावरच चॉकलेटांत घालावे. सगळा सुवास ह्या भाजण्यांत आहे, आणि घाई तेथेंच होते.

सामानाकडे पाहिलें तर गंमत वाटते. कोको, शेंगदाणा आणि काजू हे तिघेही अमेरिका खंडांतले. काजू तर पोर्तुगीजांनीं ब्राझीलमधून गोव्यास आणला, आणि आज तो रत्नागिरी-सिंधुदुर्गाचें मोठें पीक आहे. खजूर अरबांकडचा; तीळ आणि नारळ आपले. एवढ्या दूरदूरचीं मंडळी एका परातींत सुखानें नांदतात.

मात्र ज्यांत दूध नाहीं तें सर्व निर्दोष, असा समज कोणी करून घेऊं नये. जगांतला निम्म्याहून अधिक कोको पश्चिम आफ्रिकेंतील आयव्हरी कोस्ट व घाना ह्या दोन देशांतून येतो. तेथील कोकोच्या मळ्यांत सुमारें १५ लक्ष ६० हजार मुलें राबतात, असा अंदाज शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०२० सालीं प्रसिद्ध केला. त्यांतील पुष्कळ जण आमच्या पांचवी-सहावीच्या मुलांच्या वयाचीं, हातांत कोयता घेतलेलीं. भारतांतही केरळ, आंध्र, कर्नाटक व तामिळनाडू येथें नारळी-पोफळीच्या सावलींत कोको पिकतो, आणि त्याचें चॉकलेट मिळूं लागलें आहे. विकत घेतांना कोको कोठला हें दुकानदारास विचारावें. उत्तर मिळालें नाहीं तरी प्रश्न कारखान्यापर्यंत पोंचतो.

शेवटीं डब्याविषयीं. लाडू झांकणाच्या कोरड्या डब्यांत आठवडाभर राहतात. खोबरेलाच्या वड्या फ्रिजमध्येंच ठेवाव्या. शाळेंत आणावयाचे झाल्यास डब्यावर चिठ्ठी लावून तिच्यांत शेंगदाणे, काजू, तीळ जें जें घातलें असेल तें ठळक लिहावें. दूध न सोसणाऱ्या मुलासाठीं केलेला लाडू शेंगदाणा न सोसणाऱ्या मुलाच्या हातीं गेला तर अनर्थ होईल; तो त्रास दुधाच्या त्रासाइतकाच, किंबहुना अधिक भयंकर असूं शकतो. अशा वर्गासाठीं दाण्यांच्या जागीं भाजलेल्या भोपळ्याच्या किंवा सूर्यफुलाच्या बिया घ्याव्या. माप तेंच.