गुडघे उघडे, खिसा शाबूत

एडिनबरात एका वर्षाची एमएस्सी करणाऱ्यांना पदवी मिळते ती बहुधा नोव्हेंबरच्या अखेरीस. जुलैतल्या समारंभाचे उन्हातले फोटो बघून पोरांनी आधीच ठरवलेलं असतं की आपणही किल्ट घालून मॅकइवन हॉलसमोर उभं राहायचं. प्रत्यक्ष त्या दिवशी पारा पाच-सहा अंशांवर, सूर्य पावणेचारलाच मावळतीला आणि वेव्हर्ली स्टेशनच्या पायऱ्यांवर वारा खालून वर चढत असतो. खालून वर, हे लक्षात घ्या.

मीही त्या पोरांतलाच. फोनवर आई म्हणाली होती, "परकर नेसून पदवी घेणार का रे? आणि तेही थंडीत?" परकराचा प्रश्न मी हसण्यावारी नेला. थंडीचं उत्तर शोधण्यात पुढचे तीन हिवाळे गेले, आणि भलत्याच वस्तूंवर बरेच पौंडही. तुमचे तरी वाचावेत म्हणून हा हिशोब. दर अंदाजाचे आहेत, दुकानागणिक वरखाली होतील. रुपयांत करताना पौंडाचा त्या दिवशीचा दर धरा.

सगळ्यात आधी कापड, कारण ऊब आणि किंमत दोन्ही तिथेच ठरतात. नऊवारीला नऊ वार, तसे पुऱ्या घेराच्या किल्टला आठ वार लागतात. गिरणीतून कापड दुहेरी पन्ह्याचं येतं, म्हणून शिवणारा चार वार घेतो, मधोमध उभं कापतो आणि जोडतो. पुढे दोन सपाट पदर एकावर एक येतात, उरलेलं सगळं मागे निऱ्यांत जातं. म्हणजे बेंबीपासून गुडघ्यापर्यंत पुढून लोकरीचे दोन थर आणि मागून त्याहून जास्त. असा किल्ट तराजूत टाकला तर पावणेदोन-दोन किलो भरतो. जीन्स घालून जितक्या मांड्या गारठतात तितक्या यात गारठत नाहीत, हे मी शपथेवर सांगतो. ज्यांना किल्टमध्ये कुडकुडताना पाहिलंय, त्यांचं कापड हलकं तरी होतं किंवा लोकरीचं नव्हतं तरी.

कापडाचं वजन वारामागे औंसांत सांगतात. १० किंवा ११ औंस हलकं, १३ मधलं, १६ भारी. हिवाळ्यात बाहेर हिंडायचं असेल तर १६च घ्या. भारी कापड स्वतःच्या वजनाने खाली पडतं, वाऱ्याने विसकटलेल्या निऱ्या आपसूक जागेवर येतात. हलक्याला सारखा हात लावून ठेवावा लागतो, आणि तो हात खिशात घालता येत नाही, कारण किल्टला खिसाच नसतो. एक अपवाद. संध्याकाळी 'केली' म्हणजे स्कॉटिश समूहनाच असेल, तर १६ औंसांत दहा मिनिटांत घामाघूम व्हाल. नाचणाऱ्यांनी १३ वर थांबावं.

आता भाव. रॉयल माइल या पर्यटकांच्या रस्त्यावर ३० ते ५० पौंडांना किल्ट टांगलेले दिसतात. आतलं लेबल उलटून पाहा. धागा कुठला हे लिहिणं तिथे कायद्याने बंधनकारक आहे. बहुतेक ठिकाणी अॅक्रिलिक किंवा पॉलिव्हिस्कोज निघेल. कुठे शिवलं हे लिहायची मात्र सक्ती नाही, त्यामुळे 'डिझाइन्ड इन स्कॉटलंड' एवढ्यावर भाळू नका. यातला बराच माल पाकिस्तानात सियालकोटहून येतो. तो वाईट असतो असं नाही. घरी धुता येतो, जूनमधल्या सामन्याला झकास दिसतो. पण नोव्हेंबरात तो म्हणजे परकरच. आईचं बरोबर होतं.

पाच वारांचा तयार लोकरी किल्ट १५० ते २५० पौंडांत मिळतो. मापाने शिवून घेतलेला आठ वारांचा ४५० ते ७०० पर्यंत जातो, आणि शिवायला आठ ते बारा आठवडे लागतात. नोव्हेंबरसाठी ऑगस्टमध्येच माप द्यायला हवं, आणि ऑगस्टमध्ये तुम्ही प्रबंधात बुडालेले असता. म्हणून माझा कल जुन्याकडे. ग्रासमार्केटमधलं आर्मस्ट्राँग्ज हे १८४० पासूनचं जुन्या कपड्यांचं दुकान आहे. शिवाय धर्मादाय संस्थांची दुकानं आहेत, आणि भाड्याची दुकानंही वापरलेला माल अधूनमधून विकायला काढतात. ८० ते १५० पौंडांत आठ वारांची खरी लोकर हाती लागते.

जुना किल्ट घेताना उजेडासमोर धरून कसरीची भोकं शोधा. कंबर दोन-तीन इंच कमीजास्त असली तर बक्कल सरकवून भागतं. उंचीवर मात्र तडजोड करू नका. किल्टची खालची कड दुमडून शिवलेली नसते, ती कापडाची मूळ किनारच असते, त्यामुळे लांब झाला म्हणून आखूड करता येत नाही. आणि माप देताना जीन्सचा नंबर सांगू नका. मी ३२ सांगितला होता. जीन्स कमरेच्या हाडावर बसते, किल्ट बेंबीवर. तिथे मी ३५ भरतो. पदवी घेताना मी श्वास रोखून उभा होतो तो भारावून गेल्यामुळे, असं आमच्या कुटुंबात अजून मानलं जातं. बेंबीपाशी कंबर, नितंबांचा सगळ्यात रुंद भाग आणि बेंबीपासून गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापर्यंतची उंची, ही तीन मापं टेपने घ्या.

एकाच दिवसासाठी हवा असेल तर भाड्याने घ्या. डोक्यापासून पायापर्यंतचा संच ७० ते १२० पौंडांना मिळतो. त्यात किल्ट, जॅकेट, वेस्टकोट, सदरा, बो, पट्टा, पुढे लटकणारी चामड्याची चंची म्हणजे स्पोरन, लांब मोजे आणि बूट येतात. नुकसानभरपाईचे पाच-दहा पौंड वेगळे. तीनदा भाड्याने घेतलात की जुना किल्ट आणि थोडं सामान विकत आलं असतं. भाड्याच्या संचात कापड सहसा बरं असतं. मार खातात ते मोजे आणि बूट. माझ्या संचात आलेले मोजे इतके पातळ होते की पायाचे केस बाहेर डोकावत होते. दुकानाचं नाव कशाला सांगू, कुठेही असंच होऊ शकतं. दुकानदारीणबाई म्हणाल्या, "सगळ्यांना हेच देतो." तेव्हा संच घ्या त्यांचा, पण पायातलं सगळं स्वतःचं असू द्या.

कारण थंडीची खरी लढाई पायांत आहे. लोकरी मोज्याची जोडी २५ ते ४० पौंडांना पडते, आणि या सगळ्या खर्चात सार्थकी लागलेला एकच सांगा म्हटलं तर मी हाच सांगेन. मोजा वर दुमडून गुडघ्याच्या वाटीखाली दोन-तीन बोटं ठेवायचा. मग उघडा राहतो तो फक्त गुडघा. त्याला पहिली पाच मिनिटं झोंबतं, नंतर तो आपला आपला राहतो. आत पाच पौंडांचे पातळ मोजे घातले तर बोटंही गारठत नाहीत.

पारंपरिक बुटांना, म्हणजे गिली ब्रोगना, जीभ नसते. नाडी घोट्याभोवती गुंडाळायची. दिसायला देखणे, पण वरून पाणी थेट आत शिरतं, आणि चामड्याचा तळ बर्फाळ दगडी फरशीवर साबणासारखा सरकतो. रबरी तळाचे काळे किंवा तपकिरी घोट्याएवढे बूट तुमच्याकडे असतीलच, तेच घाला. फोटोत कोणाला कळत नाही. कळलं तर तो माणूस स्कॉटिश असतो, आणि त्यानेही हिवाळ्यात तेच घातलेले असतात.

आता आतल्या गोष्टीकडे वळू, कारण सगळे आडून आडून तेच विचारतात. किल्टखाली काही घालायचं नाही, अशी परंपरा सांगतात. भाड्याचा किल्ट तुमच्या आधी किती जणांनी त्याच परंपरेने नेसला असेल, एवढा विचार केला की पुरे. मेरिनो लोकरीची मांडीपर्यंतची चड्डी २५ ते ३५ पौंडांना मिळते. त्याहून स्वस्त म्हणजे सायकलवाल्यांची घट्ट अर्धी चड्डी, जी पुण्याहून निघताना बॅगेत टाकता येईल. गुडघ्याच्या चार बोटं वर संपायला हवी, नाहीतर बसल्यावर बाहेर डोकावते. सुती नको. एकदा दमट झाली की दिवसभर गार राहते. पायघोळ थर्मल घालून वर किल्ट चढवणारेही पाहिलेत. ऊब मिळते, पण शोभा जाते. माझ्या मते मग सरळ विजारच घालावी.

ओल हा थंडीपेक्षा मोठा शत्रू. पहिल्या महायुद्धात हायलँड पलटणींचे सैनिक खंदकांत किल्ट नेसूनच होते. चिखलाने माखलेल्या, गोठलेल्या निऱ्यांच्या कडांनी त्यांच्या गुडघ्यांमागची कातडी कापली जायची. आपल्याला खंदकात जायचं नाही, पण पावसात अर्धा तास चाललात तरी ती कड घासायला लागते. निघण्यापूर्वी गुडघ्यांमागे आणि मांड्यांच्या आतून व्हॅसलीन लावा. दोन पौंडांची डबी पूर्ण हिवाळा पुरते.

वर काय? भाड्याच्या संचात बहुधा प्रिन्स चार्ली जॅकेट येतं, पुढून उघडं आणि तोकडं. दिवाणखान्यासाठी ठीक. बाहेर उभं राहायचं असेल तर ट्वीडचं जॅकेट आणि वेस्टकोट मागा. भाडं बहुधा तेवढंच पडतं. विकत घ्यायचं तर नवी जोडी १८० ते २८० पौंड, जुनी त्याच्या निम्म्यात. वरून ओव्हरकोट घातला तर तो किल्टच्या कडेपेक्षा चांगला वीतभर आखूड हवा. लांब कोटाखाली किल्ट झाकला गेला की खाली फक्त उघडे गुडघे दिसतात, आणि बसमधली माणसं भलताच अर्थ काढून जागा बदलतात.

वाऱ्याशी जुळवून घ्यायच्या दोन युक्त्या फुकट आहेत. पुढचा पदर उडू नये म्हणून स्पोरनचं वजन असतंच. कडेची पिन मात्र फक्त वरच्या पदरात टोचायची. दोन्ही पदरांत टोचली तर पाऊल टाकताना कापड फाटतं, आणि भाड्याचं असेल तर त्याचे पैसे कापले जातात. दुसरी युक्ती बसण्याची. नऊवारीतल्या बायका बसताना मागून हात फिरवून घोळ सारखा करतात, तसंच करा. निऱ्या खाली नीट दबल्या की दगडी बाकावरही लोकरीचं आसन मिळतं. आजीकडून शिकायला हवं होतं, शिकलो मात्र एका बॅगपाइपवाल्याकडून.

मोज्यात खोचायचा छोटा सुरा, स्किअन डू, राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणून कायद्याला चालतो. भाड्याच्या संचात तो पुष्कळदा प्लॅस्टिकचाच असतो. खरा विकत घेतलात तर विमानात हातसामानात ठेवू नका. चौकड्याचं, म्हणजे टार्टनचं, बंधन कोणावर नाही. आपल्या कुळाचं कुठलं, असं विचारून पोरं उगाच अवघडतात. सिंग नावाचंही टार्टन आहे. ब्लॅक वॉचसारखं गडद हिरवं-निळं घेतलंत तर चिखल कमी दिसतो, हा माझा एकमेव निकष.

परत करण्याबद्दल थोडं. ऑनलाइन घेतलेला तयार किल्ट माल मिळाल्यापासून १४ दिवसांत कारण न देता रद्द करता येतो. तुमच्या मापाने शिवलेला मात्र रद्द करता येत नाही, म्हणून मापं दोनदा तपासा. दुकानात जाऊन घेतलेला केवळ मन बदललं म्हणून परत घ्यायला दुकानदार बांधील नाही. दोष निघाला तर ३० दिवसांत पैसे मागायचा हक्क आहे. किमतीत २० टक्के व्हॅट असतो. पूर्वी पर्यटकांना तो विमानतळावर परत मिळायचा. इंग्लंड-स्कॉटलंडमधून ती सोय जानेवारी २०२१ पासून बंद आहे. त्यामुळे भेटीला आलेल्या काकांना "व्हॅट सोडवून आणतो" म्हणत रांगेत उभं करू नका.

घरी आल्यावर ओला किल्ट हीटरवर टाकू नका, मोकळ्या हवेत टांगा. ब्रश मारला की बहुतेक मळ निघतो. ड्रायक्लीनिंगला १५ ते २५ पौंड पडतात, ते वर्षातून एकदाच. इस्त्रीआधी निऱ्यांना कच्चे टाके घाला आणि ओल्या फडक्यावरून दाबा. माझा किल्ट आता पुण्यात आईच्या पैठण्यांच्या कपाटात असतो, कडुनिंबाच्या वाळल्या पाल्यात. ती तो ऊन दाखवायला काढते तेव्हा शेजारीण हमखास थांबते.

भाड्याचा संच सोमवारी सकाळी परत द्यायचा असतो, उशीर झाला की दिवसाचे पैसे लागतात. पिशवीत भरताना फ्लॅश म्हणजे मोज्यांना लावायचे दोन रंगीत पट्टे मोजा, तेच हरवतात. आणि स्पोरन उघडून बघा. माझ्या स्पोरनमध्ये खोलीची किल्ली राहिली होती, शिवाय तळाशी आधीच्या कोणाचं तरी ग्लासगोचं परतीचं तिकीट.