बॅटरी घ्यावी का? आधी हिशेब मांडा

मंडळी, हल्ली पुष्कळ गावांत घरांच्या छपरांवर काळ्या-निळ्या काचेच्या प्लेटा दिसतात. ऊन पडले की त्या वीज तयार करतात. यालाच आपण 'सोलर' म्हणतो.

सोलर बसले की मागोमाग बॅटरी विकणारा माणूस दारात येतो. तो म्हणतो, "रात्री ऊन कुठे असतं? बॅटरी घ्या. रात्रीची काळजी मिटली. बिल शून्य!"

ऐकायला गोड वाटते. पण बॅटरीला पैसा लागतो, आणि तो थोडाथोडका नव्हे. कुणी त्यासाठी जनावर विकतो, कुणी कर्ज काढतो. म्हणून आज आपण बॅटरीचा विचार करू. घ्याच असे आम्ही सांगणार नाही. घेऊच नका असेही सांगणार नाही. हिशेब कसा मांडायचा, तेवढे सांगू. ठरवायचे तुम्ही.

कणगी आणि पीक

कणगीत धान्य पिकते का? नाही. धान्य शेतात पिकते, कणगीत ते राहते. बॅटरीचेही तसेच आहे. वीज प्लेटा तयार करतात. बॅटरी ती फक्त साठवते. कणगीतले थोडे धान्य उंदीर खातातच. बॅटरीतही जेवढी वीज घालावी तेवढी सगळी परत मिळत नाही, थोडी वाया जाते. म्हणजे बॅटरीने वीज वाढत नाही, उलट थोडी घटते. ही गोष्ट पक्की ध्यानात ठेवा.

मग कणगी हवी कशाला? पीक एकदा येते आणि भूक रोज लागते, म्हणून. तसेच ऊन दिवसा असते आणि दिवा रात्री लागतो. पण समजा, आपले धान्य शेजारी सांभाळतो आणि मागू तेव्हा मापाला माप परत देतो. मग घरात मोठी कणगी हवी का? हा प्रश्न मनात ठेवा. पुढे तो कामी येईल.

वीज कशी मोजतात?

दूध लिटरने मोजतात. वीज युनिटने मोजतात. १००० वॅटची वस्तू एक तास चालली की १ युनिट वीज लागते. १० वॅटचा दिवा १०० तास जळला, तरी १ युनिटच लागते.

वॅटचा आकडा वस्तूवर किंवा तिच्या खोक्यावर छापलेला असतो. आता तुम्हाला वाचता येते. तो आकडा शोधा आणि वाचा.

१००० वॅट म्हणजे १ किलोवॅट. १ किलोवॅटच्या प्लेटा आपल्याकडे चांगल्या उन्हात दिवसाला सुमारे ४ युनिट वीज देतात. पावसाळ्यात याहून कमी.

थोरल्याचे घर

आता दोन भाऊ डोळ्यांसमोर आणा. असे भाऊ तुमच्याही गावात असतील. थोरला गावठाणात राहतो. धाकटा मळ्यात राहतो. पुढे वस्तूंचे जे भाव येतील, ते हिशेब शिकण्यापुरते धरले आहेत. तुमच्या बाजारचे भाव तुम्ही विचारून घ्या.

२०२४ साली केंद्र सरकारने 'पीएम सूर्यघर' ही योजना सुरू केली. तीत १ किलोवॅटला ३० हजार रुपये, २ किलोवॅटला ६० हजार रुपये आणि ३ किलोवॅट किंवा त्याहून अधिकला ७८ हजार रुपये अनुदान ठरले. थोरल्याने त्या योजनेतून २ किलोवॅटच्या प्लेटा बसवल्या. हे अनुदान प्लेटांच्या मापाने ठरलेले. बॅटरी घ्यायची तर तो खर्च घरच्याने करायचा.

थोरल्याच्या घरचा मीटर दोन्ही बाजूंनी मोजतो. दिवसा उरलेली वीज तारेतून बाहेर जाते. रात्री लागेल ती वीज तारेतून घरात येते. महिना संपला की आलेल्या युनिटांतून गेलेली युनिटे वजा होतात. मघाचा शेजारी आठवला ना? तो हाच. थोरल्याचे बिल आता दीडशे रुपयांवर आले आहे.

एके दिवशी त्याच्याकडे विक्रेता आला. ५ युनिटांची लिथियमची बॅटरी, किंमत १ लाख रुपये. थोरल्याला ती पटली. म्हैस विकायची ठरली. बाजाराचा दिवसही ठरला.

रात्री बायकोने विचारले, "अहो, बिल आता किती येतं?"

"दीडशे."

"ते कशाचं?"

थोरल्याने बिल काढले. वर्गात शिकल्याप्रमाणे एकेक ओळ वाचली. एका ओळीत 'स्थिर आकार' असे लिहिले होते. घरात विजेची जोडणी आहे, तोवर हा आकार द्यावाच लागतो. बॅटरी असो वा नसो. दीडशेतला बहुतेक पैसा त्याचाच होता.

बायको म्हणाली, "मग बॅटरीनं वाचणार काय? आणि म्हैस गेली तर पोरांना दूध कुठलं?"

थोरला म्हणाला, "अगं, लाइट जाते तेव्हा तरी उपयोग होईल की!"

हे मात्र त्याचे खरे होते. छपरावर प्लेटा असल्या, तरी लाइट गेली की त्याचे घरही अंधारात बुडते. दिवसा ऊन असतानाही बुडते. पुष्कळांना याचे नवल वाटते. याचे कारण असे. लाइट गेल्यावर वायरमन खांबावर चढतो. त्या वेळी आपल्या छपरावरची वीज तारेत गेली, तर त्याच्या जिवावर बेतेल. म्हणून तारेला जोडलेले सोलर त्या वेळी आपोआप बंद पडते. बॅटरी आणि तिच्या जोडीचे यंत्र बसवले, तर घर तारेपासून वेगळे होते आणि घरातले दिवे चालू राहतात.

म्हणजे थोरल्याला बॅटरी बिलासाठी नको होती. लाइट जाते त्या वेळेपुरती हवी होती. मग प्रश्न असा, की लाइट जाते किती?

नवरा-बायकोने महिनाभर भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवले. लाइट कधी गेली, कधी आली. महिना संपल्यावर बेरीज केली. ९ वेळा लाइट गेली. सगळे मिळून ११ तास. त्या वेळी त्यांना १० वॅटचे ३ दिवे आणि ७५ वॅटचे २ पंखे हवेत. ३० आणि १५० मिळून १८० वॅट. १८० गुणिले ११, म्हणजे १९८०. महिन्याला साधारण २ युनिट.

बॅटरी दहा वर्षे टिकली असे धरू. १ लाखाला १० ने भागा. वर्षाला १० हजार रुपये झाले. महिन्याला आठशेच्या वर. म्हणजे २ युनिट विजेसाठी महिन्याला ८०० रुपये!

थोरल्याने चार्जिंगचे दोन बल्ब आणले. लाइट गेली की ते काही तास उजेड देतात. काही शेकड्यांत काम झाले. पंख्याशिवाय थोडे उकडते खरे. पण म्हैस गोठ्यात राहिली.

धाकट्याचे घर

आता मळ्यात चला. धाकट्याचे घर लाइनच्या शेवटी आहे. मोठ्या प्लेटा त्याला झेपणाऱ्या नव्हत्या. त्याची बायको शिवणकाम करते. मशीनला मोटर आहे. घरात म्हातारी आई आहे. तिला दम्याचा त्रास. डॉक्टरांनी वाफेतून औषध घ्यायचे यंत्र दिले आहे. ते विजेवर चालते.

दादाचे पाहून धाकटा म्हणाला, "दादांनी बॅटरी घेतली नाही. मग आपण तरी कशाला घ्यायची?"

बायको म्हणाली, "भाऊजींचा हिशेब त्यांच्या घरचा. आपला आपण मांडू."

त्यांनीही महिनाभर लिहिले. २४ दिवस संध्याकाळी लाइट गेली. सगळे मिळून ६२ तास. अशा प्रत्येक संध्याकाळी शिवणाचे सुमारे ५० रुपये बुडाले. ५० गुणिले २४, म्हणजे महिन्याला १२०० रुपये. वर्षाला १४ हजार ४०० रुपये.

मग किती वीज हवी ते पाहिले. मशीन १०० वॅट, दिवा १० वॅट, कमी वीज खाणारा पंखा ३० वॅट. बेरीज १४० वॅट. तीन तास चालवले तर ४२० होतात. अर्ध्या युनिटाहूनही कमी. आईच्या यंत्राला काही मिनिटेच वीज लागते.

एवढ्याला शिसाची एक बॅटरी पुरते. तिच्यावर १२ व्होल्ट आणि १५० अँपिअर-अवर असे लिहिलेले असते. १२ गुणिले १५०, म्हणजे १८००. ही झाली १.८ युनिट. पण शिसाची बॅटरी रोज तळापर्यंत रिकामी केली, तर ती लवकर मरते. म्हणून निम्मीच वापरायची. थोडी वीज वाया जाते, ती सोडा. हाती पाऊण युनिट धरा. धाकट्याला ती पुरून उरते.

खर्च असा. बॅटरी १५ हजार, इन्व्हर्टर ८ हजार, ३०० वॅटच्या प्लेटा ९ हजार. एकूण ३२ हजार. वर्षाला १४ हजार ४०० रुपये बुडायचे थांबले, तर सव्वादोन वर्षांत खर्च भरून निघतो. आईच्या औषधाची वेळ चुकत नाही, ते वेगळेच. ते आम्ही रुपयांत मांडले नाही.

पण धाकट्याची बायको हुशार. तिने आणखी एक गोष्ट लिहून ठेवली. पाच वर्षांनी नवी बॅटरी लागेल. तिचे १५ हजार रुपये. म्हणून ती दरमहा २५० रुपये बाजूला टाकते. आणि इस्त्री? इस्त्री १००० वॅटची. ती लावली तर पाऊण तासात बॅटरी रिकामी, आणि लहान इन्व्हर्टरला ती पेलणारही नाही. म्हणून इस्त्री ती लाइट असतानाच उरकते.

पाहा, भाऊ सख्खे आणि गाव एकच. पण एकाला बॅटरी परवडली नाही, दुसऱ्याला परवडली. दोघांचेही बरोबरच. शेजाऱ्याने घेतली म्हणून आपण घ्यायची नाही. त्याने घेतली नाही म्हणून सोडायचीही नाही.

हिशेब कायमचाही नसतो. बाहेर दिलेल्या विजेला मापाला माप मिळते, तोवर थोरल्याचा हिशेब खरा. तो नियम बदलला, बॅटरी स्वस्त झाली, किंवा घरात विजेवर चालणारा धंदा सुरू झाला, तर पुन्हा मांडायला हवा.

बॅटरी घेतलीच तर

शिसाची बॅटरी स्वस्त. ती चार-पाच वर्षे टिकते. लिथियमची महाग. ती सुमारे दहा वर्षे टिकते आणि तिच्यातली बहुतेक वीज वापरता येते.

शिसाच्या बॅटरीत तेजाब असते. मुलांना जवळ जाऊ देऊ नका. तिच्यात विहिरीचे किंवा नळाचे पाणी घालू नका. दुकानात बॅटरीचे शुद्ध पाणी मिळते, तेच घाला. ती हवेशीर जागी ठेवा. तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो. म्हणून जवळ चूल, काडी किंवा विडी नको.

जुनी बॅटरी घरी फोडू नका. शिसे विषारी आहे. लहान मुलांना त्याचा फार अपाय होतो. बॅटरी दुकानदाराला परत द्या. तिचे पैसे मिळतात.

हमीपत्र मागून घ्या. हमी किती वर्षांची, बिघडल्यास कोण येणार, हे त्यावर लिहिलेले असते. हप्त्याचा कागद असेल तर एकूण रक्कम किती होते ती पाहा. कोऱ्या कागदावर सही करू नका. अंगठा उठवण्याचे दिवस गेले. आता तुम्हाला वाचता येते. आधी वाचा, मग सही करा.

घरी करून पाहा

१. एक महिनाभर लाइट कधी गेली आणि कधी आली ते कॅलेंडरवर लिहा. तासांची बेरीज करा.

२. त्या वेळी कोणत्या वस्तू चालायलाच हव्यात? त्यांचे वॅट लिहा. बेरीज करा.

३. लाइट गेल्याने महिन्याला किती रुपये बुडतात? कुणाच्या औषधाला अडचण येते का?

४. बॅटरीची किंमत ती टिकेल तेवढ्या महिन्यांनी भागा. आलेली रक्कम तिसऱ्या उत्तराशेजारी लिहा.

५. हेच काम चार्जिंगच्या बल्बने होईल का?

ही पाच उत्तरे एका कागदावर लिहा. विक्रेता आला की तो कागद त्याच्यापुढे ठेवा. मग बोलणे तुमच्या हिशेबाने होईल.