पत्ता विचारणाऱ्याला चोर समजू नकोस

चि. बाळ,

अभ्यासिकेच्या वायफायची जबाबदारी समितीने तुझ्यावर टाकली हे वाचून आनंद झाला. असोद्यात हे काम तुझ्याइतकं मन लावून दुसरं कुणी केलं असतं असं मला वाटत नाही. पण तुझ्या पत्रातलं शेवटचं वाक्य मनात राहिलं. ‘मामा, फिल्टर लावला तरी पोरं फोनमध्ये प्रायव्हेट डीएनएस टाकून निसटतात, त्यांना पकडायचं कसं ते सांगा,’ असं तू लिहिलंस. पकडायचं कसं, ते मी सांगणार नाही. काय अडवावं, किती अडवावं आणि अडवताना त्या मुलांशी कसं वागावं, ते सांगतो. यंत्राची माहितीही त्यातच येईल.

आधी मुळापाशी जाऊ. कुठलंही संकेतस्थळ उघडायचं तर फोनला आधी त्या नावाचा पत्ता विचारावा लागतो. या पद्धतीचं नाव डीएनएस. ती पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ साली आखली आणि १९८७ मध्ये तिला जे रूप मिळालं त्यावरच आजही जग चालतं. तेव्हाचं इंटरनेट म्हणजे विद्यापीठं आणि संशोधन संस्था. सगळे ओळखीचे, म्हणून प्रश्न आणि उत्तर दोन्ही उघड्यावर. परगावचा माणूस पारावर येऊन मोठ्याने अमक्या डॉक्टरांचं घर विचारतो, तेव्हा तो कुठे निघालाय ते पारावरच्या सगळ्यांना कळतं, आणि कुणाच्या मनात आलं तर त्याला भलत्या गल्लीत धाडताही येतं. साध्या डीएनएसचं नेमकं हेच होतं. मधला कुणीही प्रश्न ऐकू शकतो आणि उत्तर बदलूही शकतो.

हे बंद करायला प्रश्न गुप्तपणे पाठवणारे दोन उपाय आले. २०१६ मध्ये डीएनएस ओव्हर टीएलएस आलं, त्याचं ठरलेलं पोर्ट, म्हणजे दार, ८५३. २०१८ मध्ये डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस आलं, ते ४४३ वरून जातं, म्हणजे बाकीच्या सगळ्या वेबसाइट ज्या दाराने ये-जा करतात त्याच दाराने. त्याच वर्षी अँड्रॉइड ९ मध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ हे सेटिंग आलं. तुझ्या पोरांनी वापरलं ते हेच. ते चोरांसाठी बनवलेलं नाही. माणसाने काय विचारलं हे वाटेतल्या प्रत्येकाला कळू नये, एवढ्यासाठी ते आहे. आणि त्यांच्यातल्या अनेकांनी तिथे जाहिराती अडवणाऱ्या सर्व्हरचं नाव टाकलेलं असेल, हे विचारल्याशिवाय तुला कळणार नाही. पोलीस भरतीची तयारी करणारा मुलगा सराव प्रश्नसंच सोडवताना दर प्रश्नाला जाहिरात बघत असेल तर त्याने दुसरं काय करावं? एकदा त्यांच्याशेजारी बसून विचार. रागावून विचारू नकोस.

आता, अडवता येतं का? काही प्रमाणात येतं. राउटरवर ८५३ बंद केलंस तर ‘ऑटोमॅटिक’वर ठेवलेले फोन मुकाट्याने साध्या डीएनएसवर येतील. पण ज्याने सर्व्हरचं नाव स्वतः लिहिलंय त्याचा फोन माघार घेत नाही. त्याचं इंटरनेटच बंद पडतं, आणि तो तुझ्याकडे येऊन म्हणतो, ताई, वायफाय चालत नाही. ४४३ तर तुला बंद करताच येणार नाही, कारण मग सगळंच बंद. माहितीतल्या सर्व्हरची नावं नि पत्ते एकेक करून अडवता येतात, पण ती यादी कधी पुरी होत नाही. शिवाय २०२२ पासून बऱ्याच अँड्रॉइड फोनांत गूगलचा किंवा क्लाउडफ्लेअरचा सर्व्हर निवडला तर प्रश्न ४४३ वरूनही जाऊ शकतो. आणि एवढं सगळं करूनही पोरगं वायफाय बंद करून सिमवरचा डेटा चालू करेल. पाठलागात तुझी संध्याकाळ जाईल आणि हाती काही लागणार नाही.

ज्या जागी बनवणाऱ्यांनीच सभ्य वाट ठेवली आहे ती मात्र वापर. फायरफॉक्स आपणहून गुप्त डीएनएस सुरू करण्याआधी ‘यूज-अ‍ॅप्लिकेशन-डीएनएस डॉट नेट’ हे नाव विचारून बघतो. तुझ्या सर्व्हरने ‘असं नाव नाही’ म्हटलं की इथे फिल्टर आहे हे तो ओळखतो आणि गप्प बसतो. पण वापरणाऱ्याने स्वतः ते सुरू केलं असेल तर तो तुझं ऐकत नाही, वापरणाऱ्याचं ऐकतो. मला हा नियम फार आवडतो. अ‍ॅपलच्या प्रायव्हेट रिले या वाहतूक लपवणाऱ्या सेवेचंही तसंच. त्याचं ‘मास्क डॉट आयक्लाउड डॉट कॉम’ हे नाव नाकारलं की ते या नेटवर्कवर चालणार नाही असं फोन स्वतः मालकाला सांगतो. अडवलं जातंय हे ज्याला अडवलं त्याला कळतं. तुझ्या सगळ्या कामाचं माप हेच असू दे.

दोन गोष्टी करू नकोस. साध्या डीएनएसचा कुणाचा प्रश्न दुसऱ्या सर्व्हरकडे निघाला असेल तर तो मधेच वळवून त्या सर्व्हरच्या नावाने उत्तर देता येतं, राउटरमध्ये ती सोय असते. ते नको. नाकारायचं तर सरळ नाकार, दुसऱ्याचं नाव घेऊन बोलू नकोस. दुसरी गोष्ट याहून वाईट. आपलं स्वतःचं सर्टिफिकेट मुलांच्या फोनमध्ये टाकून सगळी वाहतूक उघडून बघण्याचा सल्ला तुला कुणीतरी देईल. कझाकस्तानच्या सरकारने २०१९ मध्ये लोकांना हेच करायला लावलं होतं, तेव्हा मोझिला, गूगल आणि अ‍ॅपल तिघांनीही ते सर्टिफिकेट आपल्या ब्राउझरांत नाकारलं. फोन मुलाचा आहे, त्यात हात घालण्याचा अधिकार अभ्यासिकेला नाही.

मग करावं काय? एक जुना संगणक किंवा रास्पबेरी पाय हा छोटा संगणक घे, त्यावर पाय-होल किंवा अ‍ॅडगार्ड होम हा फिल्टर टाक. जाहिराती आणि फसवणुकीची संकेतस्थळं तिथेच अडव. निम्म्या पोरांचं प्रायव्हेट डीएनएस वापरायचं कारणच मग उरणार नाही, असा माझा अंदाज आहे. त्या संगणकाकडून पुढे जाणारा प्रश्न गुप्त मार्गानेच जाऊ दे. त्यासाठी क्वाड-नाइनचा ९.९.९.९ हा सर्व्हर घे, तो धोकादायक नावं नाकारतो. अश्लील मजकूरही अडवायचा असेल तर क्लाउडफ्लेअरचा १.१.१.३. आणि जमेल तेव्हा तुझ्या सर्व्हरवरच गुप्त डीएनएसची सोय कर. आपल्या नेहमीच्या सर्व्हरकडे अशी सोय आहे का, हे उपकरणाने आपणहून शोधावं यासाठी २०२३ मध्ये मानक ठरलं आहे. सगळी उपकरणं ते पाळत नाहीत, पण रोख तिकडेच आहे. फिल्टर आणि गुप्तता एकमेकांचे वैरी नाहीत, दोन्ही एका घरात नांदू शकतात.

गूगलच्या शोधात सेफसर्च सक्तीचं करायला डीएनएसमध्ये काही ओळी पुरतात. यूट्यूबचंही तसंच, पण तिथे कडक आणि मध्यम असे दोन स्तर आहेत. तू मध्यम निवड. अभ्यासिकेतली अर्धी पोरं गणित आणि चालू घडामोडी यूट्यूबवरच शिकतात, कडक स्तरात त्यांची चांगली व्याख्यानंही गायब होऊ शकतात.

तयार यादीवर डोळे मिटून विश्वास ठेवू नकोस. मी वर सांगितलेली १.१.१.३ ही सेवा २०२० च्या एक एप्रिलला सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी समलिंगी आणि तृतीयपंथी व्यक्तींना मदत करणारी संकेतस्थळंही तिने अडवली. कंपनीने ती चूक जाहीरपणे कबूल करून दुरुस्त केली. एवढ्या मोठ्या, हुशार माणसांच्या हातून हे होतं. आपल्याकडे २०१५ च्या जुलैअखेर दूरसंचार विभागाने एका आदेशात ८५७ संकेतस्थळं बंद करायला सांगितली आणि चार-पाच दिवसांत बहुतेकांवरची बंदी मागे घ्यावी लागली. पाळीबद्दल, गर्भाबद्दल, स्तनाच्या गाठीबद्दल शोधणाऱ्या मुलीला तुझ्या यादीने अडवलं तर ती तुला सांगायला येणार नाही. ती नुसती उठून जाईल. म्हणून यादी लावल्यावर अशी पंधरा-वीस पानं स्वतः उघडून बघ.

आता मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट. आपल्याच मुंबई उच्च न्यायालयातली आहे. २०१६ च्या जुलैमध्ये ‘ढिशूम’ सिनेमाच्या चोरट्या प्रती रोखण्यासाठी इरॉस कंपनी न्यायालयात आली आणि अनेक संकेतस्थळं अडवण्याचा आदेश मागितला. न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी सरसकट आदेश द्यायला नकार दिला. आधी प्रत्येक दुवा तपासा, चोरीचा माल ज्या पानावर आहे तेवढंच पान दाखवा, अख्खं संकेतस्थळ बंद करायचं असेल तर तिथे दुसरं काहीच नाही हे सिद्ध करा, अशी त्यांची भूमिका होती. आणि पुढची अट तर मी कधी विसरत नाही: जो तिथे जाईल त्याला कुठल्या आदेशाने अडवलं आणि तक्रार कुठे करायची ते पडद्यावर दिसलं पाहिजे. अडवलेल्या पानांवर नुसतं बघणंही गुन्हा आहे अशा धमकीचा मजकूर दिसू लागला, तेव्हा तोही न्यायालयाने दुरुस्त करायला लावला.

बाळ, तुझ्याजवळचं हत्यार न्यायमूर्तींनी मागितलं होतं त्यापेक्षा बोथट आहे, हे लक्षात घे. डीएनएसला पान कळत नाही, फक्त नाव कळतं. अडवलंस तर अख्खं संकेतस्थळ जातं. म्हणून तयार यादीखेरीज तू स्वतः जोडलेली यादी छोटी हवी. त्यातल्या प्रत्येक नावाशेजारी ते का अडवलं हे तुला एका ओळीत लिहिता आलं पाहिजे, नाही लिहिता आलं तर ते नाव काढून टाक.

अडवल्याची सूचना पडद्यावर दाखवायला जाशील तर एक अडचण येईल. आजची बहुतेक संकेतस्थळं एचटीटीपीएसवर आहेत, त्यामुळे तुझ्या सूचनेऐवजी ब्राउझर सर्टिफिकेटचा लाल इशारा दाखवेल आणि पोरं घाबरतील. ‘हे नाव फिल्टरने अडवलं’ असं डीएनएसच्या उत्तरातच सांगायची सोय २०२० च्या मानकात आहे, पण ब्राउझर ते क्वचितच दाखवतात. त्यापेक्षा दाराशी फळ्यावर लिही: इथे फिल्टर आहे, अमुक प्रकार अडवले आहेत, चुकून काही अडलं तर ताईला सांगा, प्रायव्हेट डीएनएस लावलं असेल तर इथे असं-असं होईल. वायफायचा पासवर्ड जिथे लिहितेस तिथेच हे लिही.

नोंदींबद्दल मी जरा कठोर बोलतो. पाय-होल प्रत्येक प्रश्न लिहून ठेवतं: कुठल्या फोनने, किती वाजता, कुठलं नाव विचारलं. शहरात हे आकडे असतात. असोद्यात फोनचं नाव दिसलं की माणूस दिसतो. उद्या समितीतलं कुणी किंवा कुणाचे वडील येऊन म्हणतील, जरा बघू दे आमचा पोरगा काय बघतो ते. तुझ्याजवळ नोंद असेल तर नाही म्हणणं अवघड जाईल, आणि तुझ्यासारख्या मुलीला गावात मोठ्यांना नाही म्हणणं किती जड जातं ते मी जाणतो. म्हणून नोंदच ठेवू नकोस. सेटिंगमध्ये नावं आणि उपकरणं दोन्ही लपवायचा स्तर आहे, तो लाव. किती प्रश्न आले, किती अडले, एवढ्या बेरजा पुरेत. २०१७ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवायला हरकत घेतली आहे. तुझ्याकडे दहावीचीही मुलं येतात.

कुणी सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या निर्देशांचा दाखला देईल. सेवा पुरवठादार, डेटा सेंटर, कंपन्या आणि सरकारी संस्था यांनी आपल्या यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस ठेवाव्यात असं त्यांत आहे. अभ्यासिकेला ते कितपत लागतं हे समितीने वकिलाला विचारून घ्यावं. पण तोंडी सांगण्यावरून मुलांची नावनिशीवार यादी कुणालाही देऊ नकोस, लेखी आदेश माग.

आणि मुलांनाही खोटा दिलासा देऊ नकोस. प्रश्न गुप्त झाला म्हणजे आता कुणाला काही दिसत नाही, असं नाही. जोडणी होताना संकेतस्थळाचं नाव अजूनही बहुतेक वेळा उघडं जातं आणि काही भारतीय कंपन्या त्यावरूनही अडवतात. सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटीच्या अभ्यासकांना तर वेगवेगळ्या कंपन्या वेगवेगळी संकेतस्थळं, वेगवेगळ्या रीतीने अडवताना आढळल्या. हे पोरांना एकदा नीट समजावून सांग, त्यातली दोघं-तिघं या विषयात पुढे जातील.

रील्सची तक्रार करणारे पालकही असतील, त्यांच्यासाठी वेळ ठरव, उदाहरणार्थ: सकाळी अभ्यासाच्या तासांत रील्स दाखवणाऱ्या अ‍ॅपची नावं बंद, संध्याकाळी सातनंतर खुली. त्यासाठी पोरांचीच एक बैठक घे, नेमकी वेळ त्यांना ठरवू दे. फळ्याचा मजकूर आणि तू जोडलेली यादी दोन्ही मला पाठव, बैठकीआधी वाचून कळवतो. यादी पन्नास नावांपेक्षा मोठी असली तर फोनच कर.

तुझा,
मामा