चार ओळी बार्बेरा

आम्ही घर पाहिलं ते जूनमध्ये, आणि तिथेच फसलो. इटलीतल्या पिएमोन्ते प्रांतात, नित्सा मोनफेर्रातोजवळची टेकडी, रात्री नऊलाही उजेड, मागच्या अंगाला बार्बेरा द्राक्षाच्या चार ओळी. मी नाशिकची. वेली दिसल्या आणि डोकं चालेना. दलाल म्हणाला, "वेली फुकटच समजा." आम्ही बयाणा देऊन मोकळे!

तिथे बयाण्याला काप्पार्रा म्हणतात. आपण मागे फिरलो तर तो बुडाला. विकणारा फिरला तर दुप्पट परत द्यायचा. म्हणून सगळे प्रश्न त्याआधी विचारायचे. आमचे प्रश्न मात्र खरेदीखताच्या वेळी नोतायोने, म्हणजे तिथल्या नोटरीनेच विचारले. पहिला प्रश्न होता, "शेजाऱ्याला कळवलंय का?"

बांधाला बांध लागून स्वतः जमीन कसणारा शेतकरी असेल, तर शेतजमिनीवर विकत घेण्याचा पहिला हक्क त्याचा. कायदा १९७१ चा आहे. त्याला लेखी कळवायचं आणि ३० दिवस थांबायचं. न कळवता व्यवहार केला तर नोंद झाल्यापासून वर्षभरात तो त्याच किमतीला जमीन आपल्याकडून सोडवून घेऊ शकतो. बांधावरून डोकी फुटतात हे बघत मी मोठी झाले, आणि हेच विचारायचं मला सुचू नये! शेजारचे आजोबा भले निघाले, हक्क सोडल्याचा कागद त्यांनी लिहून दिला.

पण पुढच्या उन्हाळ्यात तेच कुंपणाशी येऊन उभे राहिले. आमच्या वेलींची पानं अवेळी लाल होऊन कडेने वळली होती. मला वाटलं, काय सुंदर रंग आहे. तो फ्लावेशेन्त्सा दोराता निघाला, तुडतुड्यांमुळे पसरणारा रोग. त्याला औषध नाही. तुडतुड्यांवर ठरलेल्या वेळी फवारणी करायची आणि रोगट वेल मुळासकट उपटायची, हे मालकावर बंधनकारक आहे. हौसेची बाग दुर्लक्षित राहिली की शेजाऱ्याचं पोट धोक्यात येतं. वेली फुकट नव्हत्याच.

बाकीचं थोडक्यात. घर नोव्हेंबरात बघा. धुक्यात समोरची टेकडी दिसत नाही आणि गॅसच्या टाकीचं बिल दिसतं. दुपारी दुकानं बंद असतात. भारतीय लायसन्स तिथे राहायला लागल्यापासून वर्षभरच चालतं. नंतर परीक्षा, तीही इटालियनमधून: ३० विधानं, बरोबर की चूक, तीनपेक्षा जास्त चुकली की नापास. मी दोनदा नापास झाले. आमच्या टेकडीवर बस येत नाही, त्यामुळे त्या काळात दूध-पावासाठीसुद्धा नवऱ्याच्या सुट्टीची वाट बघायची. भाषा शिकायला निघण्याआधीच लागा.

आता दोन ओळी उरल्या आहेत. फवारणी आजोबा करतात, द्राक्षंही त्यांचीच. मला पेटीभर मिळतात.