पीएच.डी.चे पैसे कोण देतं?

मुलगी बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. झाली आणि आता पीएच.डी. करते म्हणाली, की घरात आधी फीचा हिशेब सुरू होतो. ‘अजून पाच वर्षं शिकवायचं?’ खरं तर इथे शिकणाऱ्यालाच दरमहा पैसे मिळायला हवेत. सीएसआयआर-यूजीसी नेट या परीक्षेतून जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलोशिप) मिळाली, तर पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० रुपये आणि पुढे एसआरएफ (सीनियर रिसर्च फेलोशिप) म्हणून ४२,००० रुपये मिळतात. घरभाडे भत्ता वेगळा. हे दर २०२३ पासूनचे आहेत आणि मुदत एकूण पाच वर्षांची आहे. आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागही फेलोशिप देतात. राज्यात बार्टी, सारथी आणि महाज्योती या सरकारी संस्थांच्या प्रवर्गानुसार योजना आहेत. आपली मुलगी कोणत्या प्रवर्गात बसते ते पाहून त्यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावं. फक्त पैसे दर महिन्याच्या एक तारखेला जमा होतील असं धरून चालू नका. हप्ते रखडतात. हाताशी तीन-चार महिन्यांचा खर्च असलेला बरा.

पैशांनंतरचा प्रश्न विषयाचा. विषय म्हणून हृदयविकार आणि मधुमेह मला का महत्त्वाचे वाटतात, ते सांगायला पुणे आणि हैदराबादची उदाहरणं पुरेशी आहेत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच तुलना छापली. दोघांचाही बीएमआय २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! दिसायला सडपातळ भारतीय माणसाला मधुमेह का होतो, या कोड्याचं एक टोक इथे सापडतं. दुसरं टोक त्याहून आधीचं, आईच्या पोटातलं. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून गर्भवती आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास सुरू झाला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. वजन कमी असूनही आपल्या बाळांच्या अंगावरची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. हृदयविकाराचं उदाहरण असं: हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेसह अनेक संस्थांच्या गटाने २००९ मध्ये हृदयस्नायूच्या एका जनुकातला असा बदल दाखवला, जो दक्षिण आशियातल्या सुमारे चार टक्के लोकांत आढळतो आणि हृदयस्नायूच्या विकाराशी जोडलेला आहे. ही कोडी आपल्या लोकांची आहेत, त्यामुळे ती सोडवण्यासाठी बोस्टनला जायलाच हवं असं नाही. काम फक्त जीवशास्त्रवाल्यांचंही नाही. एवढ्या नोंदींमधून अर्थ काढायला संख्याशास्त्राची मुलं लागतातच.

प्रवेशाआधी एक फरक नीट समजून घ्यावा. नेटची जेआरएफ तुमच्या नावावर असते. प्रोजेक्टवरची जेआरएफ मार्गदर्शकाच्या प्रकल्पाला बांधलेली असते, आणि प्रकल्प बहुधा तीन वर्षांत संपतो. पीएच.डी. मात्र तेवढ्यात क्वचितच होते. म्हणून ‘प्रकल्प संपल्यावर पैसे कुठून येतील?’ हे मार्गदर्शकाला स्पष्ट विचारा. त्यांना राग आला, तर तीही माहितीच आहे. रुग्णांवरचं काम असेल, तर एथिक्स कमिटीची मंजुरी आली आहे का, तेही विचारा. ती यायची असेल, तर पहिलं वर्ष कागदपत्रांतच जातं. त्याच लॅबमधल्या सीनियरना चहाला गाठून ‘मागची मुलं किती वर्षांत बाहेर पडली?’ एवढं विचारलंत, तर वेबसाइटवर नसलेलं बरंच कळतं.

परदेशात जायचंच असेल, तर युरोपातल्या मारी क्युरी डॉक्टरल नेटवर्कच्या जागा पाहाव्यात. तिथे नेमणूक पगारी असते आणि कुठल्याही देशाचा उमेदवार अर्ज करू शकतो. अट अशी, की मागच्या ३६ महिन्यांत तुम्ही जिथे नेमणूक आहे त्या देशात १२ महिन्यांहून जास्त राहिलेले नसावात. ब्रिटिश हार्ट फाउंडेशन चार वर्षांच्या पीएच.डी.ला पैसा देतं. मात्र ब्रिटनमधल्या कित्येक जागांवर स्थानिक विद्यार्थ्याएवढीच फी भरली जाते. परदेशी विद्यार्थ्याच्या फीमधला फरक कोण भरणार, याचं उत्तर लेखी मिळवा. पीएच.डी.साठी बँकेचं कर्ज काढायची वेळ येत असेल, तर ती जागा सोडा.

अर्जाचं पत्र चाळीस प्राध्यापकांना एकच पाठवू नका. ज्यांना लिहिता, त्यांचा एक शोधनिबंध वाचा आणि त्यातल्या कुठल्या आकृतीपाशी आपण अडलो ते दोन ओळींत लिहा. गुणपत्रिका सोबत जोडा, एम.एस्सी.च्या प्रबंधात आपण स्वतःच्या हाताने काय केलं ते सांगा, आणि दोन आठवड्यांत उत्तर आलं नाही, तर एकदा आठवण करा.